४३ फूट आणि एक स्टँप पेपर

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या तालमीच्या माडीवर एक बैठक झाली. विषय साधा होता. पुरानंतर घराचं बांधकाम थांबवायचं म्हटलं, तर कॉन्ट्रॅक्टरला दिलेला ॲडव्हान्स परत मिळतो का? अर्ध्या तासात माडीवर दोन तट पडले. एक म्हणत होता, "करार म्हणजे करार. सही केली ना? मग पैसे सोडा." दुसरा म्हणत होता, "दैवी आपत्ती आहे, देवाच्या करणीपुढं कागद कसला? सगळे पैसे परत पाहिजेत." कुणी मोबाइलवर 'रेरा'चं, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या कायद्याचं, कलम वाचून दाखवलं, कुणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर घसरलं, आणि चहा येईपर्यंत मूळ प्रश्न पंचगंगेला मिळाला होता.

मला दोन्ही तट चुकलेले वाटतात. आपलं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं भांडायला बरं. पुरानंतर घरमालकाला करारातून बाहेर पडायची वाट असलीच पाहिजे, बांधकाम अशक्य झालेलं नसलं तरीही. पण ती वाट फुकटची नसावी. झालेल्या कामाचे आणि परत न जाणाऱ्या मालाचे पैसे मालकानं मोजावेत, न झालेल्या कामातला नफा कॉन्ट्रॅक्टरनं विसरावा, आणि उरलेला ॲडव्हान्स ठरलेल्या मुदतीत परत यावा. आणखी एक. कोल्हापुरात तरी 'अनपेक्षित पूर' हे दोन शब्द कुठल्याही करारात लिहिताना दोन्ही पक्षांना लाज वाटली पाहिजे.

शेवटच्यापासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथंच आहे. २००५ ला पाणी आलं तेव्हा 'असं कधी पाहिलं नव्हतं' म्हणणं खरं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद पडला, तेव्हाही तेच म्हणालो. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी त्याहून वर चढलं. २०२४ च्या जुलैत पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतात. जुलै उजाडला की एकमेकांना भेटल्यावर तब्येत विचारायच्या आधी "किती फूट?" असं विचारणारं हे गाव. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. तरी आपल्या करारांत छापील वाक्य तेच: 'नैसर्गिक आपत्ती वा अन्य अनपेक्षित कारणास्तव...' शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला प्लॉट घेऊन पाणी अनपेक्षित कसं?

आता यातून एक अवघड गोष्ट निघते आणि ती मान्य केली पाहिजे. पूर अपेक्षित होता, असं म्हटलं की मालकाचीच बाजू आधी लंगडी पडते. 'तुला माहीत होतं, तरी तू सही केलीस' हे कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूचं सगळ्यांत भक्कम म्हणणं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं ५६ वं कलम सांगतं की करार झाल्यावर काम अशक्य किंवा बेकायदा झालं, तर करार आपोआप रद्द ठरतो. पण आपल्या प्लॉटचं काय होतं? पाणी आठ-दहा दिवसांत उतरतं. जमीन जागेवर असते, खुणा जागेवर असतात, गवंडी परत येतात. काम अशक्य झालंय असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर एका बांधकाम कंपनीनं ७८ घरं आठ महिन्यांत बांधायचं कबूल केलं. मजुरांच्या टंचाईनं बावीस महिने लागले. कंपनी म्हणाली, करारच मोडला असं धरा आणि आम्हाला वाढीव पैसे द्या. १९५६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं नाही म्हटलं: काम जड झालं, महाग झालं, म्हणजे वेगळं झालं असं नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९६० मध्ये लष्करासाठी तूप खरेदी करणाऱ्या एजंटांना हेच सांगितलं. परिस्थिती पालटली, परवडेनासं झालं, एवढ्यावर करार सुटत नाही.

मग 'करार म्हणजे करार'वाले जिंकले? तसं नाही. १९५४ चा एक निकाल आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. कलकत्त्यात एका कंपनीनं मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायला काढले, रस्ते-गटारं करून द्यायचं कबूल केलं. मध्ये युद्ध आलं, सरकारनं जमीन लष्करासाठी ताब्यात घेतली. कंपनीला आयतीच संधी मिळाली. 'आता अशक्य झालं, करार संपला, ॲडव्हान्स घ्या आणि मोकळे व्हा' असं ती ग्राहकांना सांगू लागली. न्यायालयानं कंपनीचं ऐकलं नाही, करार जिवंतच ठेवला. पण जाता जाता एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. ५६ व्या कलमातला 'अशक्य' हा शब्द फक्त 'हात-पाय हलवता येत नाहीत' अशा अर्थाचा नाही. ज्या हेतूनं करार केला, त्या हेतूच्या दृष्टीनं काम व्यवहारात न करण्याजोगं आणि निरुपयोगी झालं, तर तेही अशक्यच.

घराचा हेतू काय असतो? भिंती उभ्या करणं हा कॉन्ट्रॅक्टरचा हेतू. मालकाचा हेतू त्यात राहणं. म्हाताऱ्या आईला जुलैच्या मध्यरात्री होडीतून काढावं लागणार असेल, तर ते घर बांधायला शक्य असूनही राहायला अशक्य आहे. मात्र इथंच थांबून टाळ्या घेणं लबाडी होईल. प्रत्येक भीतीला न्यायालय 'हेतू संपला' म्हणणार नाही. पुरानंतर परवानगीच नाकारली गेली, तर प्रश्न मिटतो. नुसती छाती धडधडतेय म्हणून करार आपोआप मोडला, असं कायदा म्हणत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की ही वाट कायद्याच्या पोटातून ओढून काढायची नसते, ती करारात आधीच लिहून ठेवायची असते. न्यायाधीशाच्या मनात काय येईल यावर घराचा पाया घालायचा का?

'रेरा'चं कलम वाचून दाखवणाऱ्यांसाठी एक खुलासा, कारण त्या माडीवर सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. २०१६ चा तो कायदा बिल्डरनं विकायला काढलेल्या प्रकल्पांसाठी आहे. त्याच्या सहाव्या कलमात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशी यादी आहे खरी, पण ती बिल्डरला मुदत वाढवून देण्यासाठी. आपल्या स्वतःच्या प्लॉटवर आपण कॉन्ट्रॅक्टर लावून घर बांधतो, त्याला 'रेरा' विचारतही नाही. तिथं चालतो तो जुना करार कायदा, आणि ग्राहक संरक्षण कायदा, कारण घरबांधणी ही 'सेवा' आहे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आता कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही आलंय. पण दोन-तीन लाखांच्या ॲडव्हान्ससाठी कुणी कोर्टाची पायरी चढत नाही. ही भांडणं साइटवर, चहाच्या गाड्यावर आणि शेवटी भावकीत मिटतात किंवा कुजतात.

एक कुजता कुजता मिटलेलं भांडण मी जवळून पाहिलंय. माझ्या मेव्हण्यानं २०२१ च्या उन्हाळ्यात नदीच्या अंगाला, जरा सखलातच, घर काढलं. मटेरियलसह चौरस फुटावर दर, हप्ते टप्प्याटप्प्यानं. जुलैत पाणी आलं तेव्हा प्लिंथ, म्हणजे जोतं, झालं होतं, कॉलम सिल उंचीपर्यंत, म्हणजे खिडकीच्या तळापर्यंत, आले होते आणि काँक्रीट ओतायला लागणाऱ्या सेंट्रिंगच्या प्लेटा साइटवर रचून ठेवल्या होत्या. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. कॉलमच्या सळ्यांना गाळाचा पातळ पिवळा थर बसला होता आणि त्यावर ऊसाचं पाचट अडकलं होतं. पत्र्याच्या शेडमधली सिमेंटची साठेक पोती दगड झाली होती. एक पोतं फाडलं तर आतल्या दगडावर पोत्याच्या विणीचा छाप उमटलेला, अगदी आडवे-उभे धागे दिसावेत इतका. प्लेटांपैकी निम्म्या वाहून गेल्या होत्या, उरलेल्या शेजारच्या रानात चिखलात रुतल्या होत्या. माझी बहीण काही न बोलता परत येऊन गाडीत बसली. त्या रात्री मेव्हण्यानं ठरवलं, इथं घर नको.

दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर आला. त्याचंही घर पाण्यात गेलं होतं, हे लक्षात घ्या. "पावणं, पाणी आलं त्यात माझा काय दोष? प्लेटा भाड्यानं आणल्यात, रोजचं भाडं चालूच हाय. गवंड्यांना उचल दिलीया. सळी कापून ठेवलीया. तुम्ही नको म्हणताय, मी काय ही सळी घरी न्यायची?" मेव्हणा म्हणाला, "आणि मी काय करू? पाण्यात राहू?" दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच दोघांचीही भाषा बिघडली.

बहुतेक वादांत या क्षणी माणसं दोषाच्या मागं लागतात. कॉन्ट्रॅक्टरनं पावसाळ्याच्या तोंडावर काम का काढलं? मालकानं असला प्लॉट का घेतला? धरणातनं पाणी कुणी, कधी सोडलं? दोष शोधायला गेलं की शेवटी कुणाचाच सापडत नाही किंवा सगळ्यांचाच सापडतो, आणि तोवर ॲडव्हान्स ज्याच्या खिशात आहे तो बिनबोभाट जिंकतो. पैसा ज्याच्या हातात, त्याच्या बाजूनं काळ धावतो. मालकाला दर महिन्याला बँकेचं व्याज भरायचं असतं. बँकेनं टप्प्यापुरतं कर्ज दिलं म्हणून तिचं व्याज काही थांबत नाही. त्यामुळं महिनाभरात मालक 'जे मिळेल ते द्या' वर येतो.

आपल्या आधीच्या लोकांना ही अक्कल होती. 'आस्मानी-सुलतानी' हा शब्द आपण आज नुसता संकटासाठी वापरतो. पण जुन्या महसुलाच्या कौलात आणि मक्त्यात ते हिशोबाचं कलम होतं. आभाळातून आलेली आपत्ती आणि लष्कराची धाड, या दोन्हींपायी बुडालेलं उत्पन्न वजा धरायचं. मक्तेदारानं तेवढ्यासाठी दोष सिद्ध करत बसायची गरज नव्हती. इंग्रजी अमलात तीच कल्पना आणेवारी म्हणून आली, आज आपण तिला पैसेवारी म्हणतो. पीक किती आलं ते मोजायचं, ५० पैशांच्या खाली गेलं की सवलत लागू. तिथंही कुणी विचारत नाही की शेतकऱ्यानं पेरणी उशिरा केली का. किती बुडालं एवढं मोजतात आणि त्या प्रमाणात ओझं वाटून घेतात. बटाईनं जमीन कसणाराही बुडालेल्या पिकाचा वाटा मागत नाही आणि देतही नाही. जे शेतसाऱ्याला आणि बटाईला कळलं होतं, ते चौरस फुटाच्या दराला कळायला काय हरकत आहे?

यावर लगेच येणारा आक्षेप असा: बटाईत दोघंही पिकाचे वाटेकरी असतात. कॉन्ट्रॅक्टर घराचा वाटेकरी नसतो, तो कामाचे पैसे घेतो, मग त्यानं मालकाच्या आपत्तीत का भागी व्हावं? आक्षेप वजनदार आहे. माझं उत्तर त्याच्या हिशोबाच्या वहीतच आहे. मालकानं करार सोडला, तर कॉन्ट्रॅक्टरचं काय जातं? झालेल्या कामाचे पैसे त्याला मिळायचेच आहेत. जातो तो पुढच्या न झालेल्या कामातला नफा. तो नफा कमवायला त्याला अजून सहा महिने राबायचं होतं. ते सहा महिने त्याला दुसऱ्या साइटवर मिळतात. पुरानंतरच्या कोल्हापुरात गवंड्याला आणि कॉन्ट्रॅक्टरला काम नव्हतं, असं झाल्याचं मला आठवत नाही. २०१९ नंतर तर गिलाव्याला माणूस मिळायला पंधरा पंधरा दिवस थांबावं लागत होतं.

सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका प्रकरणात याच धर्तीचं बोलून ठेवलंय. प्राधिकरणानं लिलावातल्या बोलीची ७८ लाखांची इसाऱ्याची रक्कम जप्त केली होती आणि तोच प्लॉट नंतर जास्त किमतीला विकला होता. न्यायालयानं पैसे परत करायला लावले. करार कायद्याचं ७४ वं कलम करारात लिहिलेल्या रकमेपर्यंतच वाजवी भरपाई देतं, आणि जिथं नुकसानच झालं नाही तिथं दंड वसूल करता येत नाही. मग आपल्याकडच्या स्टँप पेपरवर जे बिनदिक्कत लिहिलेलं असतं, 'मालकाने काम थांबविल्यास ॲडव्हान्स जप्त होईल', त्याची किंमत किती? कागदावर भीती घालण्यापुरती.

पण उलट्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण 'सगळे पैसे परत'वाले माझ्या या वाक्यावर खूश झाले असतील. करार कायद्याच्या ६५ व्या कलमाखाली एक गोड उदाहरण आहे. एका गायकानं मैफलीसाठी हजार रुपये आगाऊ घेतले आणि तो आजारी पडला. मैफलीतून होणाऱ्या नफ्याची भरपाई त्याला द्यावी लागत नाही, पण ते हजार रुपये मात्र परत करावे लागतात. १८७२ मधले हजार रुपये. गायकाचा भाव चांगला होता म्हणायचा. हे उदाहरण घेऊन मालकमंडळी म्हणतात, बघा, आगाऊ पैसे परतच करायचे असतात. पण गायक गायलाच नव्हता. कॉन्ट्रॅक्टरनं मात्र प्लिंथ उभं केलंय. ज्याला फायदा मिळाला त्यानं तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी, हे ६५ व्या कलमाचं तत्त्व दोन्ही बाजूंना लागू होतं. उरलेला ॲडव्हान्स हा कॉन्ट्रॅक्टरला मिळालेला फायदा, आणि जमिनीत उभं राहिलेलं प्लिंथ हा मालकाला मिळालेला फायदा. घर नको असलं तरी प्लॉट विकताना ते प्लिंथ किमतीत धरलं जातंच.

अडचण आहे ती मधल्या खर्चाची. कापलेली सळी, वाहून गेलेल्या प्लेटा, गवंड्याची उचल, दगड झालेलं सिमेंट. यातून मालकाला काडीचा फायदा झालेला नसतो, पण कॉन्ट्रॅक्टरचे पैसे तर गेलेले असतात. याला आपला कायदा धड उत्तर देत नाही. इंग्रजांनी स्वतःच्या देशात हे दुखणं ओळखलं. पोलंडच्या एका कंपनीनं इंग्लंडमधून यंत्रं मागवली, हजार पौंड आगाऊ दिले, मध्ये युद्ध भडकलं. १९४२ मध्ये न्यायालयानं आगाऊ रक्कम पूर्ण परत करायला लावली, आणि यंत्रं घडवण्यात ज्यानं खर्च केला त्याच्या हाती काहीच उरलं नाही. हे डाचलं म्हणून १९४३ मध्ये नवा कायदा केला: झालेला खर्च न्यायालय वाजवी वाटेल तेवढा वजा करू शकतं. त्यांनी १८७२ चा कायदा आपल्याला दिला, १९४३ ची सुधारणा द्यायची राहून गेली, आणि आपणही ती करून घेतली नाही.

माझ्या मते या मधल्या खर्चाची वाटणी काम कोणत्या पद्धतीचं आहे त्यावरून व्हावी. लेबर रेटचं काम असेल, म्हणजे सिमेंट-सळी मालकानं आणून दिली असेल, तर भिजलेला माल मालकाच्याच नावावर. कॉन्ट्रॅक्टरनं फक्त हात विकलेत, त्याच्याकडून पोत्यांचे पैसे मागणं निव्वळ दांडगाई. मटेरियलसह काम असेल, तर माल साइटवर कधी आणायचा, किती आणायचा, कुठं रचायचा हे कॉन्ट्रॅक्टर ठरवतो. जुलैच्या तोंडावर सखल प्लॉटवर साठ पोती रचणारा कॉन्ट्रॅक्टर हा दैवाचा बळी नसतो. तिथं ५६ व्या कलमाचा सहसा कुणी न वाचलेला तिसरा परिच्छेद आठवावा. काम अशक्य आहे हे वचन देणाऱ्याला माहीत होतं किंवा थोडी काळजी घेतली असती तर कळलं असतं, आणि समोरच्याला माहीत नव्हतं, तर भरपाई वचन देणाऱ्यानं द्यावी. कलमाचे शब्द पोत्यांना तंतोतंत लागू होत नाहीत, पण मागची समज लागू होते. ज्याचा धंदा आहे, त्यानं नदी जास्त ओळखायला हवी.

'छोटे कॉन्ट्रॅक्टर बुडतील' हे ऐकायला मिळतंच, आणि ते खोटं नाही. एका पुरात चार साइटवाल्यांनी नको म्हटलं तर तो माणूस उठतच नाही. पण तो बुडतो कशानं? बहुतेक वेळा एकाच्या ॲडव्हान्समधून दुसऱ्याची सळी घेतलेली असते, दुसऱ्याच्या हप्त्यातून तिसऱ्याचा स्लॅब ओतलेला असतो. पूर येतो तेव्हा ही साखळी तुटते आणि मग नदीला नाव ठेवलं जातं. मोठ्या सरकारी कामांवर 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' विमा घेतात. चालू कामाचं पुरानं झालेलं नुकसान त्यात धरता येतं. आपल्या हजार-बाराशे चौरस फुटांच्या घरांना तो कुणी घेत नाही, कारण कुणी मागत नाही. विम्याचा हप्ता चौरस फुटाच्या दरात मिळवला तरी मालक कुरकुरेल, पण देईल.

दुसरी शंका अशी की मालक पुराचं निमित्त करून स्वस्तातला दुसरा कॉन्ट्रॅक्टर धरतील. धरतील, काही जण नक्की धरतील. त्यावर उपाय एवढाच की वाट अरुंद ठेवायची. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ओलांडले, आणि त्या प्लॉटवर प्रत्यक्ष पाणी शिरल्याचा पंचनामा किंवा तारखेसह फोटो असला, तरच. पाणी उतरल्यापासून तीस दिवसांत लेखी कळवलं, तरच. त्याच प्लॉटवर वर्षभरात दुसऱ्याकडून काम सुरू केलं, तर पहिल्याचा नफाही द्यावा लागेल. एवढं लिहिलं की निमित्त शोधणारा निम्म्या वाटेतून परत फिरतो.

मग हीच सवलत कॉन्ट्रॅक्टरला का नको? पुरानंतर क्रश सँड महागते, मजुरी वाढते, त्यानंही काम सोडावं. इथं मी सरळ दुजाभाव करतो. मालक थांबला तर कॉन्ट्रॅक्टर दुसरीकडं जातो. कॉन्ट्रॅक्टर थांबला तर मालकाच्या हातात उघड्या सळ्यांचे कॉलम उरतात. दुसऱ्यानं घातलेल्या पायावर घर उभं करून जबाबदारी घ्यायला कुठला मिस्त्री तयार होतो? तयार झाला तरी तो दर आपला लावतो. दराची तेजी-मंदी हा कॉन्ट्रॅक्टरच्या धंद्याचा भाग आहे, मालकाच्या आयुष्यात घर एकदाच बांधलं जातं. सळीच्या भावातल्या वाढीसाठी करारात वेगळं कलम घाला, हरकत नाही, पण काम सोडायची मुभा नको.

लॉकडाउनच्या वेळी हेच आपण मंगल कार्यालयांच्या बाबतीत अनुभवलं. २०२० च्या उन्हाळ्यातली लग्नं रद्द झाली आणि ॲडव्हान्सवरून गावोगाव भांडणं झाली. बरीच मिटली ती 'पुढची तारीख घ्या' म्हणून. हा तोडगा घरालाही लावा, असं काहीजण सुचवतात: काम रद्द करू नका, पुढं ढकला. कार्यालयाला तारीख बदलली की प्रश्न संपतो, कारण विषाणू कार्यालयात कायमचा राहायला आला नव्हता. नदी मात्र प्लॉटच्या बाजूलाच असते. ढकलल्यानं फक्त पुढचा पावसाळा जवळ येतो.

आता एक वेगळा करार, जो पूर यायच्या आधी नव्हे तर पूर ओसरल्यावर आठ दिवसांत केला जातो. भिंतीला भेगा, घरात ओल, डोकं सुन्न, आणि दारात माणूस उभा: "आत्ता सही केली तर या दरात करतो." या करारांना तर मोडायची मुभा विनाअट हवी. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात वादळानंतर छप्पर दुरुस्तीचा करार केला, तर दहा दिवसांत दंडाशिवाय रद्द करता येतो, असा कायदाच आहे. तिथं वादळं आहेत, आपल्याकडं पाणी आहे. घाबरलेल्या माणसाची सही तिथंही तशीच आणि इथंही तशीच.

मेव्हण्याच्या भांडणात शेवटी झालं ते असं. तिसऱ्याच एका जुन्या मिस्त्रीला बोलावलं, टेप लावली, प्लिंथ आणि कॉलम मोजले, सळीचं वजन काढलं. सळी कॉन्ट्रॅक्टरनं दुसऱ्या साइटला उचलली, तेवढे पैसे हिशोबात आले. पोत्यांचं नुकसान त्यानं सोसलं, गवंड्यांची उचल पुढच्या कामात वळती करून घेतली. एका कागदावर चार ओळींचा हिशोब झाला आणि दिवाळीआधी उरलेले पैसे दोन हप्त्यांत आले. कोर्ट नाही, वकील नाही. करार मोडायचं कलम नव्हतं म्हणून तीन महिने गेले. असतं तर तीन दिवस लागले असते.

मेव्हण्यानं पुढं उंचावरच्या एका वसाहतीत जागा घेतली. तिथल्या करारात त्यानं हट्टानं बंधाऱ्याच्या पातळीची ओळ हातानं लिहायला लावली. नवा कॉन्ट्रॅक्टर हसला, "साहेब, इथं पाणी आलं तर अख्खं कोल्हापूर बुडालं समजा," म्हणाला, आणि सही केली. जुना कॉन्ट्रॅक्टर अजून कधीमधी रंकाळ्यावर भेटतो, बोलतो, चहा पाजतो. वाहून गेलेल्या प्लेटांचं अकरा दिवसांचं भाडं कुणी द्यायचं, हे मात्र दोघांनीही अजून सोडलेलं नाही.